लाडबोरीवर उतरलेलं शीचांग

उमरेडच्या कोळसा खाणीचे मातीचे डोंगर मागे पडले, भिवापूरला रस्त्याकडेला लाल मिरची वाळत घातलेली दिसली आणि नागभीडच्या अलीकडे धानाचे बांध सुरू झाले. होळी होऊन गेली होती. कापलेल्या धानाचे खुंट बांधीत तसेच उभे होते आणि मधूनमधून एखाद्या तळ्याचं आटत आलेलं पाणी चमकत होतं. लोक या रस्त्याने ताडोब्याला जातात, वाघ बघायला. मला बघायचा होता एका अग्निबाण-तळाचा शेवट. तळ चीनमध्ये आहे, सिचुआन प्रांतात, शीचांगला. त्याचा शेवट सिंदेवाही तालुक्यात.

हा सगळा टापू झाडीपट्टीचा. चंद्रपूरचा पूर्वभाग, गडचिरोली, भंडारा, गोंदिया. कापसाचा विदर्भ इथे संपतो आणि तळ्यांचा, धानाचा, मोहाचा विदर्भ सुरू होतो. बोली वेगळी, दिवाळीनंतर रात्रभर चालणारी नाटकं वेगळी, वडशात त्या नाटकांच्या कंपन्यांची दुकानं आणि त्यांचा रग्गड धंदा. तळी गोंड राजांच्या काळापासूनची. त्यांतली बरीचशी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधली, आणि पुढे मालगुजारी गेली तरी ‘मालगुजारी तलाव’ हे नाव राहिलं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला विदर्भ म्हटलं की कोरडी भेगाळलेली जमीन दिसते. त्याला एकदा इथे आणून सोडावं.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. दादाजी खोब्रागडे इथले. थोडीशी जमीन, शाळा जेमतेम. 1983 च्या सुमारास पटेल-3 या वाणाच्या पिकात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. बारीक दाण्याचा, चवीचा तांदूळ तयार झाला. व्यापाऱ्याने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं, आणि एचएमटी तांदूळ देशभर गेला. कृषी विद्यापीठाने पुढे त्याच बियाण्यावर काम करून ‘पीकेव्ही एचएमटी’ नावाने वाण प्रसारित केला. दादाजींना पुरस्कार मिळाले, बियाण्याची मालकी काही मिळाली नाही. 2018 च्या जूनमध्ये ते गेले. वस्तू कोणाची, हा प्रश्न या प्रवासात मला पहिल्यांदा नांदेडला भेटला. पुढे तो भेटतच राहिला.

सिंदेवाहीत भाताचं संशोधन केंद्र आहे, गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे, बाजार आहे आणि भोवताली ब्रह्मपुरी वनविभागाचं जंगल. वाघ आणि माणूस यांची गाठ जिथे वारंवार पडते, अशा देशातल्या थोड्या भागांपैकी हा एक. इथल्या गावांत संध्याकाळनंतर बाहेर पडताना लोक आजूबाजूला बघतात. 2 एप्रिल 2022 ला त्यांना वर बघावं लागलं.

तो शनिवार होता, गुढीपाडव्याचा. रात्री पावणेआठच्या सुमारास आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे आगीच्या रेघा सरकत गेल्या. जळगाव, अकोला, नागपूर, चंद्रपूर, वर मध्य प्रदेशातला झाबुआ-बडवानीचा भाग, अशा मोठ्या पट्ट्यात लोकांनी त्या पाहिल्या आणि मोबाइलवर टिपल्या. कोणाला उल्का वाटली, कोणाला विमान पेटलं असं वाटलं. उल्का एवढी सावकाश जात नाही. ती दोन-चार सेकंदांत संपते. हे मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तुकडे होत होत, आरामात चाललं होतं. जळगाव ते सिंदेवाही हे सव्वाचारशे किलोमीटर या गोष्टीला मिनिट-दीड मिनिटाचे. आपल्याला त्याच प्रवासाला अख्खा दिवस जातो.

सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोठा आवाज झाला आणि एका घरामागच्या मोकळ्या जागेत धातूचं एक कडं येऊन पडलं. गोल, सुमारे तीन मीटर व्यासाचं, चाळीसेक किलोचं. कोणाला लागलं नाही, घर वाचलं. दुसऱ्या दिवशी पवनपारच्या बाजूला एक गोळा सापडला, फूट-दीड फूट व्यासाचा, वरून दोऱ्यासारखं काही गुंडाळलेला. मग तालुक्यात आणखी ठिकाणांहून गोळ्यांच्या बातम्या येत गेल्या. मोहफुलांचे दिवस होते, त्यामुळे माणसं पहाटेपासून जंगलात होती. एरवी असा गोळा पावसाळ्यापर्यंत कोणाच्या नजरेला पडला नसता. सगळा माल सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात जमा झाला आणि आठवड्याभरात इस्रोचे शास्त्रज्ञ तो तपासायला आले.

लाडबोरी हे चारचौघांसारखं गाव. कौलारू घरं, काही सिमेंटची, अंगणात तणसीचे ढीग. कडं कुठे पडलं ते कोणीही दाखवतं. जागेवर पाहण्यासारखं काही नाही. खड्डा बुजला, गवत उगवलं. एका आजींना मी विचारलं, भीती वाटली का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्नच फुकट गेला. ‘वाघाची वाटते जी,’ एवढंच म्हणाल्या.

पहिल्या रात्री ही वस्तू कुठली याबद्दल दोन तर्क निघाले. त्याच संध्याकाळी, आपल्या घड्याळाने सहा वाजून अकरा मिनिटांनी, न्यूझीलंडमधल्या माहिया द्वीपकल्पावरून रॉकेट लॅब या कंपनीचं ‘इलेक्ट्रॉन’ रॉकेट उडालं होतं. वेळ जुळत होती, म्हणून आपल्याकडच्या खगोल अभ्यासकांनी आधी तिकडे बोट दाखवलं. दुसरा तर्क जोनाथन मॅकडॉवेल यांचा. तेव्हा अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रात असलेले हे खगोलशास्त्रज्ञ कोणता तुकडा कोणत्या कक्षेत फिरतो याची नोंद वर्षानुवर्षं ठेवतात. त्यांनी सांगितलं, हा चीनच्या ‘छांगचंग-3बी’ रॉकेटचा वरचा टप्पा असावा. फेब्रुवारी 2021 मध्ये शीचांगवरून उडालेला, आणि नेमका त्या तासाभरात खाली येणं अपेक्षित असलेला. कक्षेचा मार्गही जुळत होता. या रॉकेटला इंग्रजीत ‘लाँग मार्च’ म्हणतात, माओच्या लाल सेनेच्या पायपिटीवरून.

मला स्वतःला पटवणारा पुरावा फीतपट्टीचा आहे. त्या रॉकेटचे खालचे दोन टप्पे 3.35 मीटर व्यासाचे असतात आणि तिसरा, सगळ्यात वरचा, तीन मीटरचा. लाडबोरीचं कडं तीन मीटरचं. इलेक्ट्रॉन हे अख्खं रॉकेटच जेमतेम सव्वा मीटर रुंद असतं. त्याच्यातून एवढं कडं निघणं शक्यच नाही.

आता हा टप्पा चौदा महिने वर काय करत होता? उपग्रहाला भूस्थिर कक्षेकडे पाठवायचं तर रॉकेटचा शेवटचा टप्पा त्याला एका लांबट कक्षेत सोडतो. या कक्षेचं एक टोक छत्तीस हजार किलोमीटरच्या आसपास, दुसरं पृथ्वीपासून दोनशे-तीनशे किलोमीटरवर. उपग्रह स्वतःचं इंजिन पेटवून पुढे निघून जातो. रिकामा टप्पा तिथेच राहतो. दर फेरीत खालच्या टोकाला आला की हवेच्या अतिविरळ थराला घासतो, थोडा वेग गमावतो आणि वरचं टोक खाली खाली येतं. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तो कोसळतो. कधी कोसळणार हे शेवटच्या काही तासांपर्यंत नीट सांगता येत नाही, आणि कुठे हे तर त्याहून नाही. इंधन शिल्लक ठेवून, इंजिन पुन्हा पेटवून हा टप्पा मुद्दाम निर्जन समुद्रात पाडता येतो. पण ते इंधन म्हणजे वजन आणि वजन म्हणजे पैसा. ज्याला वाचवायचा आहे तो वाचवतो.

टप्प्याचा बहुतेक भाग पातळ पत्र्याचा असतो, तो जळून जातो. कडी जाड असतात, म्हणून टिकतात. गोळ्यांचं कारण वेगळं. टाक्यांमध्ये दाब टिकवायला हेलियमसारखा वायू लागतो आणि तो प्रचंड दाबाखाली अशा गोळ्यांत भरलेला असतो. गोळे टायटेनियमचे किंवा वरून कार्बन तंतू गुंडाळलेले. टायटेनियम वितळायला सोळाशे अंशांहून जास्त तापमान लागतं. शिवाय रिकामा गोळा वजनाने हलका, तो हवेत लवकर मंदावतो, म्हणून शाबूत उतरतो. सिंदेवाहीनंतर दीडेक महिन्यात गुजरातेत आणंद आणि खेडा जिल्ह्यांत असेच गोळे पडले.

शीचांगला मी गेलेलो नाही. पण त्याचा इतिहास लाडबोरीत उभं राहून आठवला की वेगळाच लागतो. 1970 च्या सुमारास चीनचं अमेरिकेशी जुनं वैर होतं आणि सोव्हिएत संघाशी नवं. किनाऱ्यावर काही बांधलं तर ते शत्रूच्या टप्प्यात येणार, म्हणून महत्त्वाचे कारखाने आणि तळ देशाच्या पोटात, डोंगरांत नेले गेले. शीचांगची जागा आधी माणूस अंतराळात पाठवण्याच्या योजनेसाठी निवडली होती. ती योजना बारगळली. मग विषुववृत्ताच्या त्यातल्या त्यात जवळ, 28 अक्षांशावर असल्यामुळे भूस्थिर उपग्रहांसाठी ती कामी आली. पहिलं उड्डाण जानेवारी 1984 मध्ये झालं. चीनचं पहिलं चांद्रयान, छांग-अ 1, 2007 साली इथूनच गेलं आणि त्यांच्या बैदू दिशादर्शनाचे उपग्रहही इथूनच गेले.

किनारा सोडल्याची किंमत गावांनी मोजली. रॉकेटचे खालचे टप्पे समुद्रात पडण्याऐवजी ग्वेइचौ, क्वांगसी या प्रांतांतल्या शेतांत आणि जंगलांत पडतात. उड्डाणाआधी गावकऱ्यांना घराबाहेर काढून मोकळ्यावर नेण्याची तिथे रीत पडून गेली आहे. 15 फेब्रुवारी 1996 च्या पहाटे तर याच छांगचंग-3बी जातीचं पहिलंवहिलं रॉकेट तळावरून उठलं, कलंडलं आणि बावीस सेकंदांत जवळच्या टेकडीवर आपटलं. सरकारी आकडा सहा मृतांचा. त्यावर अनेकांनी शंका घेतली आहे. 2016 पासून हायनान बेटावरच्या वनछांग तळावरून मोठी रॉकेटं समुद्राच्या दिशेने उडू लागली, तरी शीचांग बंद झालेलं नाही.

शीचांग ज्या ल्यांगशान भागात आहे तो यी या आदिवासी समाजाचा स्वायत्त प्रदेश. डोंगर, जंगल, चीनमधल्या सर्वांत गरीब समजल्या गेलेल्या तालुक्यांपैकी काही. न्यूझीलंडच्या माहिया तळाची जमीन माओरींच्या एका संस्थेच्या मालकीची आहे, निदान तिथे ती भाड्याने घेतली गेली. आपल्या श्रीहरिकोट्याच्या बेटावर यानादी लोक राहत. 1971 साली तिथून पहिलं रॉकेट उडालं, आणि यानादींना जंगल सोडून कंपाउंडबाहेर जावं लागलं. त्याआधी 1963 मध्ये थुंब्याच्या कोळ्यांनी गाव आणि चर्च दिलं. त्या चर्चमध्ये बसून ज्या पिढीने काम केलं, तिच्यात आपले वसंत गोवारीकर होते. घन इंधनाचा पाया त्यांनी घातला आणि पुढे विक्रम साराभाई केंद्राचे ते संचालक झाले. मराठी शाळांमध्ये हा अभिमानाचा धडा आहे आणि असावाच. यानादींचा धडा मात्र नाही. तळाला जागा लागते रिकामी, आणि रिकामी म्हणजे जिथल्या माणसांची मोजणी कोणी फारशी मनावर घेत नाही अशी.

लाडबोरीहून पुढे मूलवरून सावली, मग वैनगंगेचा पूल आणि गडचिरोली. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूर तोडून केलेला जिल्हा. तीन चतुर्थांशाहून जास्त जंगल. एप्रिलात मोह, मेमध्ये तेंदूपत्ता, मग धानाची रोवणी, हे इथलं आर्थिक वर्ष. तेंदूपत्त्याच्या पंधरवड्यात अनेक घरांत वर्षातली सगळ्यात मोठी रोकड येते. चामोर्शीच्या बाजूला हल्ली आणखी एक हिशोब सुरू झाला आहे. सुरजागडचं लोहखनिज घेऊन येणारे ट्रक रस्त्यावर सतत दिसतात, आणि कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे. लाल धूळ दोन्ही बाजूंच्या पानांवर बसलेली.

धानोरा रस्त्यावर मेंढा हे छोटं गोंड गाव आहे, शेजारच्या लेखा गावामुळे सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. तरी बांबू विकायला गाव निघालं, तेव्हा वाहतुकीचा परवाना वनखातंच देणार असं ठरलं. अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं. म्हणजे स्वतःच्या रानातला बांबू स्वतःचा आहे हे ठरवायला कायदा, दोन-तीन वर्षं आणि दोन सरकारांची माणसं लागली.

लाडबोरीच्या कड्याची मालकी त्या मानाने स्वच्छ आहे. 1967 च्या अंतराळ करारानुसार अंतराळात सोडलेली वस्तू जिथे पडेल तिथे पडो, ती सोडणाऱ्या देशाचीच राहते. 1968 च्या दुसऱ्या करारानुसार मालक देशाने मागितली तर ती परत करावी लागते, खर्च त्याचा. 1972 च्या करारानुसार जमिनीवर नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारीही त्याच देशाची, आणि चूक कोणाची हे सिद्ध करण्याची गरज नाही. या कराराखाली भारत आणि चीन दोघेही बांधील आहेत. पण दावा करायला नुकसान लागतं आणि लाडबोरीत ते झालं नाही. दोन हात अलीकडे पडलं असतं तर प्रकरण बीजिंगपर्यंत गेलं असतं, असं कागद सांगतो. आजवर असा एकच मोठा दावा गाजला. 1978 मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-954 उपग्रह कॅनडाच्या उत्तरेत कोसळला. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, 1981 मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. कॉसमॉस पडल्याच्या पुढच्याच वर्षी, जुलै 1979 मध्ये, अमेरिकेची स्कायलॅब पडणार म्हणून आपल्याकडे गावोगाव घबराट होती. आजोबांच्या पिढीतल्या कोणालाही विचारा. ती शेवटी ऑस्ट्रेलियात पडली आणि तिथल्या एस्परन्स नगरपालिकेने ‘कचरा टाकल्याबद्दल’ नासाला चारशे डॉलरचा दंड ठोठावला. गंमत म्हणून, पण ठोठावला. सिंदेवाही नगरपंचायतीलाही हे सुचायला हवं होतं.

आणि चीनला नावं ठेवताना एक लक्षात ठेवायचं. जुलै 2023 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक मोठा दंडगोल वाहत आला. तो आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा निघाला. समुद्राकडे तोंड करून उडवलं म्हणजे कोणाच्या दारात पडत नाही असं नाही, फक्त शक्यता कमी होते.

मार्कंड्याला थांबलोच. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते आणि त्या वळणावर कोरीव देवळांचा समूह आहे, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. मुख्य देवळाचं शिखर अठराव्या शतकात वीज पडून कोसळलं असं सांगतात. दुरुस्तीचे बांबू आणि क्रमांक घातलेले दगड बराच काळ आवारात पडून आहेत.

परतीचा रस्ता चंद्रपूरवरून. वीजकेंद्राच्या चिमण्या, कोळशाचे ट्रक आणि पुढे भद्रावतीला दारूगोळा कारखान्याची लांबलचक भिंत. आपल्या सैन्यासाठी तोफगोळे आणि रॉकेटं भरणारा हा कारखाना याच जिल्ह्यात आहे, आणि तरी चंद्रपूरकराला रॉकेट म्हटलं की लाडबोरी आठवते.

रॉकेटं वाढली आहेत, उपग्रह हजारोंनी सोडले जात आहेत, त्यामुळे असे तुकडे यापुढे जास्त पडणार. म्हणून रानात जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगणं. मोहफुलं वेचताना, तेंदू तोडताना कधी दोरा गुंडाळलेला गोळा किंवा जळका पत्रा दिसला तर हात लावू नका, भंगारात नेऊ नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. काही टाक्यांत हायड्राझिन नावाचं इंधन उरलेलं असू शकतं. ते अंगाला लागलं किंवा श्वासात गेलं तरी विषारी आहे. लांबून फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि पोलीस पाटलाला किंवा 112 ला कळवा.